कापसाच्या खोलीतला मुलूख

यंदा मुलाने कापूस घरातच भरला. पुढची खोली रिकामी केली, माझी खाट ओसरीवर आली, टीव्ही सुनेने आपल्या खोलीत नेला, आणि तीन दिवसांत ती खोली दारापासून आढ्यापर्यंत पांढरी झाली. "आबा, आत जाऊ नका हां, खोकला लागेल," सून म्हणाली. मी मान हलवली. दुपारी सगळे शेतात गेल्यावर कडी काढली आणि आत गेलो.

कापसाला वास नसतो असं म्हणणाऱ्यांनी कापूस फक्त दुकानात पाहिलेला असतो. भरलेल्या खोलीत वास असतो. वाळल्या पानांचा, सरकीच्या तेलकटपणाचा, उन्हाचा. पाय टाकला की गुडघ्यापर्यंत आत जातो आणि आत ऊब लागते, बाहेर कितीही गार वारा असला तरी. मी हात कोपरापर्यंत खुपसला. नाकात तूस गेलं, एकामागून एक सात-आठ शिंका आल्या. शेवटच्या शिंकेनंतर डोळ्यांत पाणी होतं, आणि मला बरं वाटलं की त्याला कारण सांगता येईल.

पन्नासचं दशक संपत आलं होतं तेव्हाची गोष्ट. ब्राह्मणपुरी गावात आमचं घर मातीचं, आणि पौष लागला की त्या घरातली माणसं आपोआप कोपऱ्यात सरकायची, कारण कापूस घरात यायचा. आई चूल परसात मांडायची. आम्ही भावंडं कापसाच्या कडेला गोधड्या टाकून झोपायचो आणि सकाळी केसांत, भुवयांवर पांढरं घेऊन शाळेत जायचो. मास्तर म्हणायचे, आले म्हातारे. दादर ज्वारीची भाकरी, लसणाची चटणी, खिशात बोरं. ओठ फुटलेले. शेतात पऱ्हाटीच्या ओळींमधून वेचणाऱ्या बाया पुढे सरकत असायच्या आणि त्यांच्या बोलण्याचा आवाज बांधापलीकडून लांबच लांब ऐकू यायचा. त्या सातपुड्यातून उतरायच्या, घरदार बरोबर घेऊन, वेचणी संपेपर्यंत.

त्यांच्यातच जमना वेचायला जायची. जमना आमच्या शेजारची, माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. चौथी झाल्यावर तिची शाळा सुटली होती. डोंगरातल्या बाया वेचता वेचता आपल्या पावरी बोलीत गोष्टी सांगायच्या, एक थांबली की दुसरीने पुढे न्यायची. जमनाला ती बोली निम्मी कळायची. उरलेली निम्मी ती स्वतः भरून काढायची. संध्याकाळी आमच्याकडे आली की ती भरून काढलेली गोष्ट आमच्या पुढ्यात टाकायची. एके दिवशी ती नुसती सांगून थांबली नाही. तिने कोळशाचा तुकडा घेतला, कापूस थोडा मागे ढकलला, सारवलेल्या जमिनीवर एक लांब वाकडी रेघ ओढली आणि म्हणाली, "ही तापी. आते सांगा, तुम्ही कोन शेत आनी कोठे शेत?"

आपण कोण आहोत आणि कुठे आहोत, ते आम्ही ठरवायचं. असा तो खेळ सुरू झाला. आम्ही त्याला मुलूख म्हणायचो.

प्रत्येकाने एक सोंग घ्यायचं. ते सोंग त्या मुलखात फिरणार. जमिनीवर तापी, तिच्या अलीकडे तांब्याच्या भिंतींचं गाव आणि न बोलणाऱ्या लोकांचं रान, आणि पलीकडे भिंतीला टेकून जिथे जमीन संपायची तिथे समुद्र, जो आमच्यापैकी कुणीच पाहिलेला नव्हता. एकजण सांगणारा. तो सांगेल, तू आता अमुक ठिकाणी आहेस, समोर हे आहे, काय करतोस? तुम्ही म्हणाल ते करायचं, पण जमेल की नाही ते चिंचोके ठरवणार. पाच चिंचोके दगडावर घासून एका बाजूने पांढरे केलेले. तीन पांढरे पडले की जमलं. पाचही पांढरे पडले की राजासारखं जमलं. सगळे काळे पडले तर मग सांगणारा म्हणेल ते. आणि सगळ्यांच्या वर एक नियम जमनाने घातला होता : सांगणारा सांगेल ते खरं. त्यावर भांडण नाही.

भांडण मात्र रोज व्हायचं. कुंभाराचा धुडकू माझ्या वर्गातला. तो चोर व्हायचा, आणि त्याचा चोर चोरी सोडून सगळं करायचा. राजाच्या दरबारात शिरून राजाला थोबाडीत मारायचा. देवळात देव झोपलाय का ते पाहायला पायऱ्यांवरून आरोळी ठोकायचा. दान काळं पडलं की चिंचोके उलटे करून ठेवायचा आणि पकडला गेला की ओरडायचा, "मन्हा चोर मरत नही! तो मरना तं मी घर जास!" माझी धाकटी बहीण इंदी सात वर्षांची. ती वाघीण. तिला दुसरं काही व्हायचंच नव्हतं. आम्ही महत्प्रयासाने तांब्याच्या गावाच्या पहारेकऱ्याशी गोड बोलून दार उघडून घेत असू, त्याला गूळ देऊ केलेला असे, तो जवळजवळ तयार झालेला असे, आणि कापसाच्या ढिगावरून इंदी उडी टाकायची : "मी त्याले खाई टाकं!" झालं. पहारेकरी गेला, गूळ गेला, गावात बोंब. जमना पोट धरून हसायची. मी चिडायचो. मला गोष्ट नीट पुढे जायला हवी असायची, आणि त्या तिघांना ती कशीही गेलेली चालायची.

जमना सुरुवातीला सांगणारी होती. मग एके दिवशी तिला फिरावंसं वाटलं. तिने मला सांगणारा केलं. म्हणाली, "तू सांग. तू पुस्तकावानी बोलस." तेव्हा मी सहावीत होतो आणि शाळेतली मराठी मला चांगली यायची. घरात, गल्लीत आम्ही सगळे अहिराणीच बोलायचो, पण मुलखात मी बोलू लागलो की, "तू एका उंच कड्यावर उभी आहेस आणि खाली धुके पसरले आहे," असं बोलायचो. धुडकूसुद्धा त्या वेळी गप्प व्हायचा. पुस्तकातली भाषा तोंडात असली की माणसाला आपण काही वेगळे आहोत असं वाटतं. मला वाटू लागलं होतं.

जमनाच्या सोंगाचं नाव केसर. घोडीवरून एकटी हिंडणारी बाई. त्या वर्षी बापाबरोबर जमना सारंगखेड्याच्या यात्रेला जाऊन आली होती आणि तिथल्या घोड्यांमधली एक पांढऱ्या पायांची घोडी तिच्या डोळ्यांसमोरून हलत नव्हती. केसरजवळ तीच घोडी. केसर कुणाची लेक, कुणाची बायको, ते जमनाने कधी ठरवलं नाही. मी एकदा विचारलं तर म्हणाली, "ते सांगानं कसाले?" केसर फक्त जायची. रान लागलं की रानात, गाव लागलं की गावात. न बोलणाऱ्या लोकांशी तिने खुणांनी मैत्री केली. धुडकूच्या चोराला दोनदा फासावरून सोडवलं. वाघिणीला तर ती घोडीच्या मागे बसवून घ्यायची, आणि इंदी खरोखरच जमनाच्या कमरेला मिठी मारून कापसावर बसायची.

पौष आणि माघातली एक-दीड महिना आमची संध्याकाळ अशी जायची. उतरत्या उन्हाचा एक पट्टा खिडकीतून यायचा आणि त्यात तूस उडत राहायचं. त्या पट्ट्याच्या उजेडात जमनाचा चेहरा अजून दिसतो. कपाळावर वेचणीच्या उन्हाचा रापलेला रंग, बोटांच्या टोकांना बोंडांच्या काट्यांचे ओरखडे. दान टाकण्याआधी ती चिंचोके मुठीत घेऊन त्यांवर फुंकर मारायची.

माघ संपता संपता तिची सुपारी फुटली. मुलगा खापर गावचा. आईने मला सांगितलं तेव्हा ती भाकरी थापत होती आणि तिच्या बोलण्यात काहीच विशेष नव्हतं. मुलगी चौदाची झाली होती, स्थळ आलं होतं. वैशाखात लग्न. मी जेवलो, बाहेर गेलो, आणि खळ्यात एकटाच बसलो. मला दुःख झालं होतं का? तसं म्हणवत नाही. मला राग आला होता. मुलूख अर्धाच झाला होता. केसर तापीच्या अलीकडेच होती. समुद्र उरला होता. आणि जमनाने मला काहीच सांगितलं नव्हतं, जणू तिला आधी विचारून सुपारी फोडली होती! एवढंही मला कळत नव्हतं. बारा वर्षांचा होतो, हे खरं. पण त्या वयातही दुसऱ्याला कुठे दुखेल ते मला नेमकं कळत होतं, आणि तेच मी वापरलं.

दोन दिवसांनी ती आली. हातात नव्या हिरव्या बांगड्या होत्या, त्या वाजू नयेत म्हणून तिने कोपरापर्यंत वर सारल्या होत्या. धुडकू आणि इंदी आधीच बसले होते. ती नेहमीसारखी मांडी घालून बसली आणि मला म्हणाली, "मधू, आज केसरले समुद्रावर धाडी दे."

"आज पोहोचणार नाही," मी म्हणालो. "अजून तापी ओलांडायची आहे."

"मंग वलांडू. आनी देख, मी नही ऱ्हायनी तरी तुम्ही खेळा. केसरले थांबाडू नको. ती फिरी ऱ्हायनी पाहिजे. कोठे गई, काय देखं, ते मी गावले उनू का माले सांगजो."

माहेरी येईन तेव्हा सांग, असं ती म्हणत होती. आज मला तिचं ते मागणं किती लहान होतं आणि किती मोठं, दोन्ही दिसतं. तिला खापरला जायचं होतं, स्वैपाक, दळण, सासू, नणंदा, सगळं तिला ठाऊक होतं. तिचं काही म्हणणं नव्हतं. तिला एवढंच हवं होतं की आपण तिकडे असताना इकडे कुणीतरी आपल्या नावाने हिंडत असावं.

मी पुस्तकातल्या भाषेत सांगायला सुरुवात केली. "तापीला महापूर आला आहे. पाणी लाल झाले आहे. नाव नाही. केसर घोडीसह पाण्यात उतरते. टाक दान."

तिने फुंकर मारली आणि चिंचोके टाकले. चार पांढरे. धुडकू ओरडला, "गई! पार गई!"

"एक चिंचोका कापसाला टेकला," मी म्हणालो. "ते दान धरत नाहीत. परत टाक."

तिने माझ्याकडे पाहिलं. परत टाकलं. तीन पांढरे. आमच्या नियमाने तीन म्हणजे जमलं.

"महापूर आहे," मी म्हणालो. "महापुराला पाच लागतात."

"असं कसं?" धुडकू उठून उभाच राहिला. "पाच कव्हय ठरनं व्हतं?"

"मी सांगणारा आहे."

इंदी मधे पडली. "मी वाघीण शे. मी तिले काढस बाहेर!"

"वाघीण डोंगरात आहे. तिला इथलं दिसत नाही," मी म्हणालो. आणि मग, कुणी आणखी काही म्हणायच्या आत, अगदी स्पष्ट, एकेक शब्द सुटा करून म्हणालो, "घोडीचा पाय सुटला. केसर बुडाली."

इंदीने भोकाड पसरलं. धुडकू मला शिव्या देत होता. जमनाने मात्र पाचही चिंचोके गोळा केले, माझ्यासमोर ओळीने ठेवले आणि म्हणाली, "बरं. सांगनारा सांगी ते खरं." लुगड्याला चिकटलेला कापूस एकेक करून काढला, तो ढिगावर परत टाकला, आणि गेली. इंदी तिच्या मागे रडत पळाली.

मी बसून राहिलो. जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. मुलखात माझ्या शब्दाने पहिल्यांदाच कुणी मेलं होतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघे बसलो, पण कुणाला काही सुचेना. धुडकूचा चोर तांब्याच्या गावात गेला, तिथे त्याला काही चोरावंसं वाटेना. इंदी वाघीण व्हायला तयार होईना. आठवडाभरात कापूस विकला गेला, गाड्या भरून गेल्या, आईने खोली झाडून शेणाने सारवली. तापी, समुद्र, सगळं एका सकाळीत गेलं.

लग्नात मी पंगतीत पाणी वाढत होतो. वैशाखाचं ऊन, मांडवावर जांभळीचे टहाळे, वाजंत्र्यांचे घामाने निथळलेले चेहरे. नवरी आत बसली होती. कुणीतरी मला आत पाण्याचा तांब्या घेऊन पाठवलं. हळदीने पिवळी झालेली जमना बायकांच्या घोळक्यात बसली होती, मुंडावळ्यांतून तिचे डोळे तेवढे दिसत होते. तांब्या घेताना ती हळूच म्हणाली, "मधू, खरंच बुडनी का रे ती?"

नाही म्हणायला काय लागत होतं? त्या गर्दीत कुणी ऐकलंही नसतं. मी सांगणारा होतो, एका शब्दात तिला काठावर आणता आलं असतं. पण तीन महिने ती आमच्याकडे फिरकली नव्हती याचा राग अजून माझ्या पोटात होता, आणि दिलेला निकाल बदलणं मला कमीपणाचं वाटत होतं.

"बुडाली," मी म्हणालो.

ती पाणी प्यायली आणि तिने तांब्या परत दिला.

पुढे मी मास्तर झालो. पस्तीसेक वर्षं वर्गात उभं राहून मुलांना हो आणि नाही सांगितलं. कुणी पोर अडून बसलं, डोळ्यांत पाणी आणून म्हणालं की गुरुजी, माझं बरोबर होतं, तर मी त्याचं गणित पुन्हा तपासायचो. लोक म्हणायचे, मास्तर फार न्यायी. मला ते शब्द कधी नीट अंगाला लागले नाहीत.

सासरचे तिला माहेरी क्वचितच धाडत, आणि जमनाची आणि माझी गाठ पुढे एकदाच पडली. साठचं दशक सरत होतं. माझी पहिली नेमणूक अक्कलकुव्याकडच्या एका डोंगरातल्या शाळेवर होती आणि घरी यायला-जायला खापरवरून एसटी धरावी लागायची. बाजाराचा दिवस होता. वाळल्या मासळीचा, गुळाचा, नव्या मडक्यांचा वास, पलीकडे गुजरातीत चाललेली घासाघीस. मी पिंपळाखाली गाडीची वाट पाहत उभा होतो तर कुणीतरी हाक मारली, "मधू मास्तर?"

मी ओळखलं नाही. ती हसली तेव्हा ओळखलं. कडेवर एक पोर, पदराला एक. बारीक झाली होती. आम्ही गावाचं बोललो. धुडकूने भट्टी वाढवली, इंदीचं लग्न सुरतेला झालं. ती सगळं विचारत होती आणि मी सांगत होतो. मग बोलणं संपलं आणि गाडी तर आली नव्हती.

ती एकदम म्हणाली, "पहिलं वरीस माले करमे नही. दळता दळता मी इचार करू, केसर कोठे निंघनी व्हई?"

मी गाडीच्या वाटेकडे पाहिलं.

"मन्हा मामानं गाव तापीकाठे. धाकली व्हती तव्हयपासून माले पोहता येस. पुरमा बी पोहेल शे मी." कडेवरचं पोर तिने दुसऱ्या बाजूला घेतलं. "मंग ती कशी बुडनी रे, मधू?"

ती माझ्याकडे बघत होती. तिला दोष द्यायचा नव्हता, ते मला आजही स्वच्छ आठवतं. ती खरंच विचारत होती, सांगणाऱ्याला विचारावं तसं. आणि मी, शिकलासवरलेला, वीस-एकवीस वर्षांचा बाप्या, हसलो. "अगं, खेळातलं ते! तू अजून लक्षात ठेवलंस?"

तीही हसली. "हां, खेळातलं." एवढ्यात गाडी आली. गर्दी झाली. खिडकीतून पाहिलं तेव्हा ती टोपल्यांपाशी वाकून काहीतरी निवडत होती.

दोन-तीन वर्षांनी माझी बदली नवापूरकडे झाली. सुट्टीत गावी आलो तेव्हा भट्टीजवळ धुडकू भेटला. बाकीचं बोलून झाल्यावर, हातातला चिखल पुसत, तो म्हणाला, "जमनी गई. बाळंतपनमा." आणि मग, "तुले ठाऊक व्हई असं वाटनं." मला ठाऊक नव्हतं. आम्ही दोघे भट्टीच्या धुराकडे पाहत उभे होतो. मुलखाचं नाव त्यानेही काढलं नाही, मीही नाही.

परवा कापसाच्या खोलीतून बाहेर आल्यावर मी इंदीला सुरतेला फोन लावला. ती आता सत्तरीपार आहे, गुडघ्यांनी हैराण, आणि मराठी बोलताना गुजराती घुसतं. मी म्हणालो, तुला आठवतं का, आपण कापसात खेळायचो, तू वाघीण व्हायचीस? ती म्हणाली, नाही बाबा, वाघीणबिघीण काही आठवत नाही. मी चोर सांगितला, तांब्याचं गाव सांगितलं. तिला काहीच आठवेना.

"एक आठवतं," ती म्हणाली. "तू काहीतरी बोललास आणि जमनाबाई उठून गेली. मी तिच्या मागे गेले होते. ती आपल्या गोठ्यामागे बसली, गवताच्या गंजीला टेकून. खूप रडली, दादा. मी तिचे डोळे पुसले. मग ती मला म्हणाली, मधूले सांगू नको. त्याले वाईट वाटी."

"तू कधी बोलली नाहीस," मी म्हणालो.

"तिने नको सांगितलं होतं ना," इंदी म्हणाली.